भिंतीआडचं काम

जुनी घरं विकत घ्यायची, नीट करायची आणि विकायची, हे काम मी आणि माझे धाकटे दीर गेली काही वर्षं पुण्यात करतो आहोत. मी बँकेच्या गृहकर्ज विभागातून स्वेच्छानिवृत्ती घेतली. भाऊजींचं सगळं आयुष्य बांधकामाच्या साइटवर गेलं. कागद मी बघायचे, साइट त्यांनी बघायची, अशी आमची वाटणी. या धंद्याबद्दल कुणी विचारलं की बोलणं रंग, फरशी आणि किचन ट्रॉलीवरच येतं, कारण घर बघायला येणारा माणूस तेवढंच बघतो. कोथरूडमधल्या एका फ्लॅटचं काम आमचं नुकतंच हातावेगळं झालं. त्यात पैसा आणि जीव ज्या ज्या ठिकाणी गेला, त्यातलं जवळजवळ काहीच आज त्या घरात दिसत नाही. म्हणून ते लिहून ठेवते आहे.

आम्ही काय घेत नाही ते आधी सांगते. पेठांतले वाडे घेत नाही. तिथे भाडेकरूंचे हक्क असतात, 1999चा भाडे नियंत्रण कायदा असतो, वारस चार गावांत असतात, आणि लाकडी तुळयांवर उभ्या असलेल्या घराची दुरुस्ती हे वेगळंच शास्त्र आहे. सगळ्यात वरच्या मजल्यावरचं घर पावसाळ्यात पाहिल्याशिवाय घेत नाही. एप्रिलमध्ये नवा रंग दिलेल्या छताकडे बघून काही कळत नाही, ऑगस्टमध्ये त्याच छताकडे नुसती मान वर केली तरी कळतं. आणि जिथे पुनर्विकासाचं वारं शिरलंय तिथे आम्ही पाऊल टाकत नाही.

कोथरूडमध्ये हा शेवटचा मुद्दा सगळ्यात मोठा आहे. 6 मार्च 2022ला वनाज ते गरवारे महाविद्यालय मेट्रो सुरू झाली. त्याआधी, 2020च्या डिसेंबरमध्ये, राज्याची एकात्मिक विकास नियमावली आली होती. मेट्रो स्थानकापासून 500 मीटरच्या पट्ट्यात जादा एफएसआय, म्हणजे तेवढ्याच जमिनीवर जास्त बांधकामाची मुभा, मिळू लागल्यावर पौड रोड आणि कर्वे रोडच्या दोन्ही अंगांच्या तीन मजली सोसायट्यांमध्ये बिल्डरांची पत्रं येऊन पडू लागली. चार-पाच वर्षांत पडणार असलेल्या इमारतीतल्या फ्लॅटला नवी बाथरूम करून काय उपयोग? म्हणून मी घर बघायच्याही आधी सोसायटीच्या मागच्या काही वर्षांच्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं मागते. विकणाऱ्याला ती मिळवून देता येतात. ‘पुनर्विकास’ हा शब्द कोणत्या वर्षी पहिल्यांदा आला, किती जणांनी हात वर केला, नंतर त्याचं काय झालं, हे वाचलं की घराच्या किमतीचा अर्धा अंदाज येतो.

या फ्लॅटची सोसायटी 1984ची. तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. गल्ली अरुंद आहे, आणि नऊ मीटरपेक्षा कमी रुंदीच्या रस्त्यावर टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरून विकत आणलेला बांधकामाचा हक्क, वापरता येत नाही, त्यामुळे बिल्डर येऊन बघून परत गेले होते. मग सभासदांनी आहे तीच इमारत टिकवायची ठरवलं, आणि त्यांचा हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटला. महापालिका अधिनियमाच्या कलम 265-अ प्रमाणे तीस वर्षांवरच्या इमारतीची संरचना तपासणी करून घ्यावी लागते. किती सोसायट्या ती करतात हे विचारू नये. इथे ती झाली होती. पार्किंगमधल्या कॉलमची भेगाळलेली बाजू फोडून, आतले लोखंडी गज साफ करून, पॉलिमर मॉर्टरने भरून घेतलेली दिसत होती. तरीही भाऊजींनी खिशातली छोटी हातोडी काढून एकेक कॉलम वाजवून पाहिलाच. काँक्रीट भरीव असेल तर आवाज खणखणीत येतो, आतून सुटलेलं असेल तर बद्द.

तपासणीच्या अहवालाची मला गरज होती ती आणखी एका कारणासाठी. आपण घर रोख पैशांनी घेऊ शकू, पण आपल्याकडून घेणारा बहुतेक वेळा कर्ज काढूनच घेणार. चाळीस वर्षांच्या इमारतीवर वीस वर्षांचं कर्ज द्यायचं तर बँकेचा मूल्यांकनकार इमारतीचं उरलेलं आयुष्य लिहून देतो, आणि ते कर्जाच्या मुदतीपेक्षा जास्त असावं लागतं. खुर्चीच्या त्या बाजूला मी अनेक वर्षं बसले आहे. सुंदर सजवलेल्या फ्लॅटची फाइल केवळ या एका ओळीमुळे परत जाताना पाहिली आहे. म्हणून मी घर घेताना माझ्या डोळ्यांनी बघत नाही, माझ्या गिऱ्हाइकाच्या बँकेच्या डोळ्यांनी बघते.

कागदांचं काम इथे लांबलं. फ्लॅट एका आजींच्या नावावर होता, त्या गेल्या होत्या. नॉमिनी म्हणून थोरल्या मुलाचं नाव सोसायटीत लागलं होतं आणि त्यांना वाटत होतं की आता घर त्यांचंच झालं. अनेकांचा हा समज असतो. नॉमिनी हा सोसायटीच्या दृष्टीने तात्पुरता कारभारी. मालकी वारसांची, आणि वारस तिघं होते. धाकटे नाशिकला, बहीण कॅनडात. भावंडांत भांडण नव्हतं, पण बहिणीची सही हवीच होती. तिने तिकडे कुलमुखत्यारपत्र करून, आपल्या वकिलातीत साक्षांकित करून पाठवलं. परदेशातून असा दस्त आला की महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, हे त्यांच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. ते मी त्यांच्याकडून वेळेत करून घेतलं.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बहिणीच्या वाट्याचा टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून ठेवायचा आयकर. भारतात राहणाऱ्या विक्रेत्याकडून 50 लाख किंवा त्याहून जास्त किमतीचं घर घेताना घेणारा 1 टक्का कापतो, हे आता सगळ्यांना माहीत झालंय. विक्रेता अनिवासी असेल तर मात्र हा 1 टक्क्याचा नियम लागत नाही. भांडवली नफ्याच्या दराने, आणि आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आणला नसेल तर वाट्याच्या पूर्ण रकमेवर कर कापावा लागतो. तो कापायची जबाबदारी घेणाऱ्याची, म्हणजे आमची. त्या ताईंनी दाखल्यासाठी अर्ज केला, तो येईपर्यंत आम्ही थांबलो. ‘एवढं कशाला, भावाच्या खात्यावर सगळे पैसे टाका, तो देईल बहिणीला,’ असं सुचवणारेही भेटले. असा व्यवहार पुढे आमच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडतो. मी तो करत नाही.

वकिलांनी मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा शोध घेतला, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली, मुदतीत हरकत आली नाही. मूळ करारनामा, सोसायटीचं भागप्रमाणपत्र, मालमत्ता कराच्या पावत्या सगळं हातात आलं आणि मग हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात टोकन घेऊन बसलो.

इथे पैशांचा हिशोब मांडते, कारण हा धंदा करू बघणारी पुष्कळ तरुण मुलं माझ्याकडे येतात आणि नेमका हाच भाग त्यांनी मांडलेला नसतो. समजा घर 85 लाखांचं. पुण्यात मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे 5 लाख 95 हजार. नोंदणी फी 30 हजार. झाले सव्वासहा लाख. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर शुल्कात 1 टक्का सवलत आहे, तेव्हा फी धरून तेच 5 लाख 40 हजारांवर येतं. ही सवलत 2021 पासून आहे. आधी तिला एक अट होती, पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही. घर घेऊन विकणाऱ्याच्या दृष्टीने सवलत असून नसल्यासारखीच होती. 2023 मध्ये ती अट निघाली, तेव्हापासून आमची घरं माझ्या एकटीच्या नावावर होतात. त्याशिवाय एजंटचा एक ते दोन टक्के, वकिलांची फी, सोसायटीची हस्तांतर फी. ही फी शहरात 25 हजारांच्या वर घेता येत नाही, ‘इमारत निधी’ वगैरे नावांनी जास्त मागितली तर शासनाचं परिपत्रक नम्रपणे पुढे करावं. विकताना पुन्हा एजंट आहेच. म्हणजे भिंतीवर पहिला हातोडा पडायच्या आधीच, घर दहा-अकरा टक्के जास्त भावाने विकलं गेलं तर हातात शून्य, अशी स्थिती असते. आणि दोन वर्षांच्या आत विकलं की नफा अल्प मुदतीचा, तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे कर. आमच्यासारखं सातत्याने करणाऱ्यांचं तर ते धंद्याचंच उत्पन्न धरतात. सगळी बिलं पक्की घ्यावीत ती याचसाठी.

एवढ्या बारीक फटीतून नफा काढायचा असतो, म्हणून काम स्वस्तात उरकायचा मोह होतो. बाथरूमच्या जुन्या टाइलवर नव्या चिकटवल्या, जुनं वायरिंग तसंच ठेवून वरचे स्विच बदलले, ओल आलेल्या भिंतीवर पुट्टीचे दोन हात फिरवले, झालं. घर फोटोत चमकतं. घेणाऱ्याला पहिल्या पावसाळ्यात कळतं. ज्या माणसाने वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेऊन घर घेतलंय, त्याला असं घर देणं मला पटत नाही. त्यापेक्षा घर घेतानाच भाव इतका बसवायचा की खालचं काम नीट करायला पैसे उरतील. तो भाव बसत नसेल तर ते घर आपलं नाही.

ताबा मिळाल्यावर भाऊजी सगळ्यात आधी आमच्या फ्लॅटमध्ये गेलेच नाहीत, खालच्या मजल्यावर गेले. तिथे एक निवृत्त प्राध्यापक आणि त्यांच्या पत्नी राहतात. त्यांच्या बाथरूमच्या छताला आमच्या संडासाखाली पिवळट डाग होता, पापुद्रे सुटले होते, एका जागी गंजलेला गज उघडा दिसत होता. वरच्या आजींशी यावरून वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं.

काकांनी दारातच विचारलं, “तुम्ही विकायला घेतलंय ना? मग तुम्ही कशाला तोडाल, वरनं टाइल लावून मोकळे व्हाल.”

भाऊजी म्हणाले, “काका, आम्ही वरून तोडणार आहोत आणि तुमच्याकडूनही करणार आहोत. तुमचं छत सुकल्याशिवाय वर एक टाइल लागणार नाही.”

काकू आतून म्हणाल्या, “लिहून द्या.” मी तिथेच कागद घेऊन लिहून दिलं.

जुन्या बाथरूममध्ये काय असतं ते सांगते. संडास-बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा फूटभर खाली घेतलेला असतो. साइटवर त्याला सनकन म्हणतात. त्यात पाइप टाकून वर विटांचे तुकडे, माती, राडारोडा भरतात आणि फरशी करतात. फरशीच्या सांध्यातून, नानी ट्रॅपच्या, म्हणजे सांडपाणी जातं त्या जाळीखालच्या भांड्याच्या, कडेने पाणी आत उतरतं आणि त्या भरावात साठून राहतं. वरून फरशी कोरडी दिसते, खाली वर्षानुवर्षं तळं. ते पाणी काँक्रीटमधून गजापर्यंत पोचलं की लोखंड गंजतं, गंजलं की फुगतं, आणि फुगलं की खालचं काँक्रीट फोडून बाहेर येतं. काकांच्या छताला दिसत होतं ते हेच. इथे तर मैल्याचे पाइप बिडाचे, त्यांचे सांधे शिसं ओतून केलेले, आणि एक सांधा पार सुटलेला. भराव काढायला लागलो तेव्हा खालचा थर हातात चिखलासारखा आला. वास इतका की बिगारी मावशींना तोंडाला ओला पंचा बांधून काम करावं लागलं.

सगळं स्लॅबपर्यंत उकरून काढलं. वारं लागू दिलं, सुकू दिलं. मग खालून काकांच्या बाजूने सुटलेलं काँक्रीट ठोकून काढलं, गज तारेच्या ब्रशने घासून चकचकीत केले, गंजरोधक लावला, पॉलिमर मॉर्टरने भरलं. वरच्या बाजूने स्लॅब आणि भिंत जिथे मिळतात तिथे सिमेंटचा गोलसर वाटा काढला, कारण वॉटरप्रूफिंग नेहमी काटकोनातच तुटतं. कोटिंगचा एक हात उभा, एक आडवा, आणि ते भिंतीवर वर चढवलं; शॉवरच्या बाजूला तर डोक्याच्या वर. प्रत्येक पाइप स्लॅबमधून जिथे जातो तिथला सांधा वेगळा भरला. सनकनच्या तळाला बाहेर काढणारी एक बारीक नळी ठेवली. उद्या कधी आत पाणी उतरलंच तर ते साठणार नाही, बाहेर टपकेल आणि कळेल.

मग पाणी भरलं. या चाचणीला घाई करणारे ठेकेदार असतात, रात्रभर ठेवून सकाळी ‘काही नाही’ म्हणतात. आम्ही काकांच्या छतावर खडूने रेघा मारल्या आणि पाणी तीन दिवस उभं ठेवलं. महापालिका दुरुस्तीसाठी बऱ्याचदा गुरुवारी पाणी बंद ठेवते, म्हणून गुरुवारच्या आत सगळं पाणी भरून घेतलं. खडूच्या रेघा कोरड्या राहिल्या. मग भराव केला, तोही विटांचा न करता हलक्या ब्लॉकच्या तुकड्यांचा, म्हणजे जुन्या स्लॅबवरचा भार कमी झाला. त्यावर सिमेंटचा कोबा, आणि पुन्हा पाणी. त्यानंतर टाइल, ढाळ नानी ट्रॅपकडे, सांध्यात इपॉक्सी. टाइल अँटीस्किड घेतल्या. गुळगुळीत टाइल फोटोत छान दिसतात, पण पुण्यात जुन्या सोसायटीत घर घेणाऱ्या कुटुंबात बहुधा कुणीतरी म्हातारं माणूस असतंच.

तोडफोडीचा माल खाली नेणं हा लिफ्ट नसलेल्या इमारतीतला वेगळाच खर्च. पोत्यात भरून, डोक्यावर घेऊन, दोन जिने. रेती, सिमेंट, टाइल वर आणायची हमाली मजल्याप्रमाणे. क्रश सँडच्या पोत्याची किंमत काय आणि ते वर आणायची मजुरी काय, हे शेजारी शेजारी लिहिलं की डोळे उघडतात. राडारोडा महापालिकेच्या वाघोलीच्या प्रक्रिया प्रकल्पाकडे पाठवला. नदीकाठी किंवा टेकडीच्या पायथ्याशी रात्री गुपचूप टाकणारे टेम्पोवाले कमी पैशात न्यायला तयार असतात. मुठेच्या पात्राची जी दशा आपण रोज पुलावरून बघतो तिच्यात आपली पोती घालायची नाहीत, हे आमचं ठरलेलं आहे.

मजूर वारज्याच्या अड्ड्यावरून घेण्यापेक्षा आम्ही तीच माणसं पुन्हा पुन्हा बोलावतो. गवंडी मामा कलबुर्गीकडचे, फरशीवाले राजस्थानचे, बिगारी मावशी नांदेडच्या. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवायला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि अड्ड्यावरच्या माणसाला तो द्यायला कुणी पुढे येत नाही. आमच्याकडच्या दिवसांचा दाखला आम्ही देतो. हे घर ज्यांनी उभं केलं त्यांचं एवढं तरी आपण करायलाच हवं.

वायरिंगचं थोडक्यात. लाकडी पट्टीवरचं जुनं वायरिंग, अॅल्युमिनियमच्या तारा, निम्म्या प्लगना अर्थिंगच नाही. त्या काळात घरात एक फ्रीज आणि एक मिक्सर असे. आता दोन एसी, गीझर, इंडक्शन, वॉशिंग मशीन. सगळं उपटून तांब्याच्या तारा टाकल्या, दिव्यांना 1.5, प्लगना 2.5, एसी आणि गीझरला 4 चौरस मिलिमीटर, आणि मुख्य बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे शॉक बसण्याआधी वीज तोडणारा स्विच. महावितरणकडून मंजूर भार वाढवून घेतला. झिरी पाडताना कॉलम-बीमला यंत्र लावायचं नाही ही भाऊजींची सक्त ताकीद. वायरमन पोरं घाईत आडवा काप मारतात आणि गज कापला जातो.

भिंती बुजवायच्या आधी मी प्रत्येक भिंतीचे फोटो काढते. पाइप आणि वायरच्या शेजारी टेप धरून, जमिनीपासून किती आणि कोपऱ्यापासून किती ते दिसेल असे. ही सवय मला फार मोलाची वाटते. पुढे कधी कुणी खिळा ठोकेल तेव्हा त्याला अंदाजावर सोडायला नको.

रंगाला उशीर झाला तो निरूमुळे. जुन्या पुण्यातल्या भिंतींना प्लास्टरवर निरूचा चुन्याचा हात असतो, वर डिस्टेंपरचे थर. त्यावर सरळ पुट्टी लावली की वर्षा-दोन वर्षांत ती पापडासारखी सुटते. म्हणून सगळं खरवडून, प्राइमर मारून, मग पुट्टी. खरवडण्याची मजुरी रंगाच्या मजुरीइतकीच गेली.

हॉलमधली मोझॅकची फरशी आम्ही ठेवली. यावर भाऊजींचं आणि माझं मत वेगळं होतं. ते म्हणत, “वहिनी, गिऱ्हाइकाला चार फुटी टाइल हवी असते, मोझॅक बघून म्हणेल जुनंच घर आहे.” त्यांचं म्हणणं बाजारापुरतं खरं आहे. पण मोझॅक कुठे फुटलेली नव्हती, खचलेली नव्हती. जुनी काढायची तर तेवढा राडारोडा दोन जिने उतरवायचा. न काढता वर टाइल चिकटवायची तर चौरस मीटरला तीस-पस्तीस किलोचा नवा भार, शिवाय सगळी दारं खालून कापायची. तीही सागवानी, चौकटीसकट. शेवटी मशीन लावून तीन वेळा घासून पॉलिश केली आणि आतली पांढरी-हिरवी खडी अशी वर आली की गवंडी मामाही बघत राहिले. दारांची जुनी वार्निश काढली, कड्या-कोयंडे पितळी होते त्यातले दोन हरवलेले. ते मी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून रविवारी शोधून आणले.

स्वयंपाकघरात कडप्प्याचा ओटा काढून ग्रॅनाइटचा केला, ट्रॉल्या 710 ग्रेडच्या, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या, प्लायच्या. कडप्पा फेकला नाही, ड्राय बाल्कनीत मांडण्या झाल्या. हॉलची बाल्कनी खोलीत घ्या, हॉल मोठा दिसेल, असं जो तो सांगत होता. ती उघडीच ठेवली. मंजूर नकाशात बाल्कनी असेल आणि जागेवर खोली असेल तर मूल्यांकनकार ते लिहितो. शिवाय या जुन्या घरांचं खरं सुख म्हणजे समोरासमोर खिडक्या आणि आरपार वारा. बाल्कनी बंद केली की तो वारा थांबतो.

विक्रीला फार दिवस लागले नाहीत. पुष्कळ जण आले, ट्रॉल्या उघडझाप करून गेले. जे कुटुंब शेवटी घेऊन गेलं, ते नवरा-बायको आणि नवऱ्याची आई. सून शाळेत शिक्षिका, मुलगा हिंजवडीला. मी त्यांना फाइल दिली: भिंतींचे फोटो, कोणता एमसीबी कशाचा त्याचा तक्ता, रंगांचे शेड क्रमांक, इमारतीचा तपासणी अहवाल, कागदांची यादी. माळ्यावर प्रत्येक टाइलची एक पेटी शिल्लक ठेवली होती तीही दाखवली. मुलगा फोटो बघत होता. आईंनी विचारलं, “बाथरूम गळत नाही कशावरून?”

मी म्हटलं, “काकू, वर काही कळणार नाही. खालच्या मजल्यावर जा, बेल वाजवा आणि त्यांचं छत बघा.”

त्या खरंच गेल्या. बऱ्याच वेळाने चहा घेऊन वर आल्या. प्राध्यापक काकांनी त्यांना खडूच्या रेघांची सगळी हकिगत सांगितली होती.

भावात थोडी घासाघीस झाली, तेवढी होतेच. त्यांच्या बँकेच्या मूल्यांकनकाराने इमारतीचं उरलेलं आयुष्य कर्जाला पुरेसं धरलं, नकाशा आणि जागा जुळली, कर्ज मंजूर झालं. ट्रॉल्या, पॉलिश आणि दिवे यांचा त्याच्या अहवालात उल्लेखही नव्हता. राहायला आल्यावर मालमत्ता कराच्या 40 टक्के सवलतीसाठी पीटी-3 अर्ज भरायला मी त्यांना सांगितलं आहे. स्वतः राहणाऱ्या मालकाला ती मिळते आणि नवीन मालक ती मागायला विसरतात. आम्हाला सगळा खर्च आणि कर वजा जाता जे राहिलं, ते दोघांनी तेवढे महिने नोकरी केली असती तर मिळालं असतं त्याहून थोडं जास्त आहे. एवढं राहिलं की मी समाधानी असते.

सध्या सहकारनगरमधला एक फ्लॅट बघतो आहोत, तळमजल्याचा, मागे अंगण आणि आंब्याचं झाड. घर भाऊजींच्या मनात भरलंय. सोसायटीच्या इतिवृत्तात दोन वर्षांपूर्वी पुनर्विकासाचा विषय आला होता आणि पुढच्या सभेवर ढकलला होता. त्या पुढच्या सभेचं इतिवृत्त सेक्रेटरींकडे मागितलं आहे. ते वाचून झाल्याशिवाय टोकनची रक्कम द्यायची नाही, असं आमचं ठरलं आहे.